जर्मनीत सर्जरी शिकायला जाताना : नीट-पीजीच्या निकालापासून पहिल्या हर्नियापर्यंत

५ मार्च २०२३ ला नीट-पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरच्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा दिली तेव्हा मी मराठवाड्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात बॉण्डची सेवा करत होते. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस केलं की महाराष्ट्रात एक वर्ष सेवा द्यावी लागते, नाहीतर दहा लाख भरावे लागतात. ते वर्ष मला मनापासून आवडलं. विळ्याने कापलेला हात, दुचाकीवरून पडून फुटलेलं डोकं, पिकलेलं गळू. टाके घालता घालता हात बसला आणि सर्जरीच करायची हे तिथेच पक्कं झालं.

निकाल आला आणि कळलं की या रँकला एमएस जनरल सर्जरीची सरकारी जागा मिळणार नाही. मॅनेजमेंट कोट्याचा आकडा बाबांसमोर उच्चारायचीही माझी तयारी नव्हती. बाबा शाळेतून निवृत्तीला आलेले, भाऊ इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. आणखी एक वर्ष घरी बसून पुन्हा परीक्षा द्यायची, की दुसरा रस्ता शोधायचा, असा तो एप्रिल गेला.

इंग्लंडचा विचार केला होता. पण ओळखीतल्या एका सीनिअरने प्लॅबचे (परदेशी डॉक्टरांसाठीच्या तिथल्या परीक्षेचे) दोन्ही टप्पे पार केले होते आणि तरी तो कित्येक महिने नोकरीची वाट बघत होता. जर्मनीत पीजीसाठी प्रवेश परीक्षाच नाही. तुम्ही रुग्णालयात असिस्टंट डॉक्टर म्हणून नोकरीला लागता, पगार घेत शिकता आणि जनरल सर्जरीची ७२ महिन्यांची मुदत पूर्ण करून शेवटी तज्ज्ञाची परीक्षा देता. त्याआधी भाषा, कागदपत्रं, वैद्यकीय भाषेची परीक्षा (सगळे तिला एफएसपी म्हणतात), तात्पुरता परवाना, वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा (केपी) आणि मग कायमचा परवाना म्हणजे अप्रोबात्सिओन, एवढे टप्पे आहेत. मला हे सगळं करायला अडीच वर्षांहून जास्त लागली. दीड वर्षात झालेले लोकही मी पाहिलेत, पण तुमचा हिशेब माझ्यासारखा धरा.

मे २०२३ मध्ये पुण्यात जर्मनच्या पहिल्या पातळीच्या, म्हणजे ए१ च्या वर्गाला बसले. मॅक्समुल्लर भवनात (ग्यॉटे इन्स्टिट्यूटच्या केंद्रात) जागा मिळाली नाही म्हणून पहिले दोन टप्पे खासगी क्लासमध्ये केले आणि बी१ पासून तिकडे गेले. रोज चार तास वर्ग, संध्याकाळी एका छोट्या दवाखान्यात ड्यूटी. खोलीचं भाडं त्यातून निघायचं.

मराठी माणसाला जर्मन शिकताना एक मोठा आधार आहे, तो वापरा. त्यांची देअर-डी-दास ही तीन लिंगं म्हणजे आपली तो-ती-ते. इंग्रजीतून विचार करणाऱ्याला टेबलाला लिंग का असावं हेच कळत नाही, आपल्याला ते समजावून सांगावं लागत नाही. लिंगं जुळतीलच असं नाही. सूर्य तिकडे ‘ती’ आहे. मुलगी तर चक्क ‘ते’ आहे. यावर वर्गात सगळे चक्रावले, तेव्हा कुडाळची एक मैत्रीण म्हणाली, “आमच्याकडे तां चेडूच म्हणतत!” मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि तां म्हणजे ते. आकड्यांचंही तसंच. जर्मन पंचवीसला ‘पाच आणि वीस’ म्हणतात, आपणही आधी पाच मग वीस म्हणतो. फोन नंबर किंवा रक्तदाब ऐकताना मी इंग्रजी बाजूला ठेवून थेट मराठीत ऐकायला लागले, तेव्हा चुका थांबल्या. आणि ‘हाल्ब द्राय’ म्हणजे शब्दशः ‘अर्धा तीन’, म्हणजे अडीच. आमच्या बाईंनी सांगितलं की अडीच हा शब्दही ‘अर्धतृतीय’ वरूनच आलाय. त्या दिवसापासून घड्याळ चुकलं नाही.

मार्च २०२४ मध्ये ग्यॉटेची बी२ परीक्षा दिली. वाचन, श्रवण, लेखन, संभाषण असे चार भाग असतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. माझं श्रवण ५३ वर अडकलं. खूप रडले. पण नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो, हे त्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर निम्मंच रडले असते. मे महिन्यात तो एकच भाग देऊन सुटले. क्लास, पुस्तकं आणि दोन वेळची परीक्षा धरून भाषेवर माझे एक लाख चाळीस हजार गेले.

कागदपत्रांचं काम मी नोव्हेंबर २०२३ पासूनच सुरू केलं होतं, आणि माझी मोठी चूक इथेच झाली. यादी पाहून जे हाताशी येईल ते काढत सुटले. जन्मदाखला, पदवी, सर्व वर्षांच्या गुणपत्रिका, इंटर्नशिपचं प्रमाणपत्र, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं ट्रान्सक्रिप्ट, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, त्यांचंच ‘गुड स्टँडिंग’ प्रमाणपत्र (डॉक्टरवर कारवाई नसल्याचा दाखला), पासपोर्ट कार्यालयाचा पोलिस दाखला. परवान्यासाठी मी ज्या जर्मन राज्याच्या कार्यालयात अर्ज केला, तिथे यातले शेवटचे दोन कागद तीन महिन्यांपेक्षा जुने चालत नव्हते. मी ते सर्वांत आधी काढले! मे २०२४ मध्ये अर्ज पाठवला, जुलैत पत्र आलं की हे दोन कागद शिळे झालेत, नवे पाठवा. पुन्हा मुंबईची फेरी, पुन्हा भाषांतर, पुन्हा कुरिअर, आणि दोन महिने गेले. तेव्हा क्रम असा ठेवा : ज्यांना मुदत नाही ते कागद आधी, मुदतवाले अगदी शेवटी, भाषांतरकार तयार बसलेला असताना.

आमच्याकडून पदवी आणि गुणपत्रिकांवर आधी राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल (कागद खरा असल्याचा, परदेशात दाखवायचा शिक्का) मागितलं होतं. अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे पन्नास रुपये आहे. बाकीचे पैसे एजंटचे. तीन ठिकाणी विचारल्याशिवाय कुणालाही कागद देऊ नका. मूळ पदवी हातातून सोडताना प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन काढून ठेवा, पाठची बाजूसुद्धा, कारण शिक्के पाठीवर असतात. भाषांतर जर्मनीतल्याच शपथबद्ध भाषांतरकाराचं हवं होतं. मी सुरुवातीला पुण्यात करून घेतलेलं ते चाललं नाही, अठरा हजार वाया गेले. प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत. ज्या राज्यात अर्ज करणार तिथल्या कार्यालयाची यादी स्वतः वाचा, मित्राने दिलेल्या यादीवर विसंबू नका.

अर्जात एक प्रश्न येतो : तुमच्या अभ्यासक्रमाची तुलना करून समकक्षता तपासायची, की थेट केपी द्यायची? तुलनेसाठी सगळ्या विषयांचे तासांसह तपशील लागतात, त्यांचं भाषांतर महाग, तपासणीला वेळ, आणि त्यानंतरही बहुतेकांना केपी द्यावीच लागते. मी तुलना सोडून दिली आणि थेट परीक्षा मागितली. हा एक निर्णय मी विचारपूर्वक घेतला आणि तो बरोबर ठरला.

ऑगस्टअखेर राज्याच्या कार्यालयाचं पत्र आलं आणि सप्टेंबरमध्ये मुंबईत व्हिसाचा अर्ज भरला. व्हिसाची फी ७५ युरो, पण खरा डोंगर ब्लॉक्ड अकाउंटचा होता. राहण्याखाण्याचे महिना हजार युरोंच्या वर, असे वर्षाचे पैसे आधीच जर्मन खात्यात बंद करून ठेवावे लागतात. जवळजवळ बारा लाख रुपये. कॉलेजच्या प्रवेशाचं पत्र नसल्यामुळे शैक्षणिक कर्ज मिळत नव्हतं. बाबांनी पीएफमधून काढले. त्यांनी बँकेची स्लिप भरली तेव्हा मी शेजारी उभी होते. रकमेचे शून्य त्यांनी दोनदा मोजले आणि मला म्हणाले, “हे पैसे कुठे जात नाहीत, तुझ्याच भाड्याला येणारेत.” तसंच झालं, पण ती स्लिप मला अजून डोळ्यांसमोर दिसते.

दिवाळी घरी झाली. १२ नोव्हेंबर २०२४ ला मी उत्तर जर्मनीत उतरले. दुपारी साडेचारला अंधार पडायचा. तो अंधार अंगावर येतो, याची कुणी कल्पना दिली नव्हती. पहिल्या दोन आठवड्यांत शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवायचा असतो आणि त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो. खोली घेताना भाड्याआधी हे विचारा की फॉर्मवर सही देणार का. नोंदणी नाही तर बँक, विमा, सगळंच अडतं. माझी खोली ४२० युरोंची, तीन मुलींच्या सामाईक घरात. देशभर चालणारा बस-रेल्वेचा मासिक पास ४९ युरो होता, जानेवारीत ५८ झाला.

एफएसपीची तारीख जानेवारी २०२५ ची मिळाली. परीक्षा साठ मिनिटांची. वीस मिनिटं रुग्णाशी बोलणं, वीस मिनिटं त्याची नोंद लिहिणं, वीस मिनिटं वरिष्ठ डॉक्टरला केस सांगणं. रुग्ण खरा नसतो, पण वेदना खरी वाटेल असं बोलतो. माझ्या समोरचे गृहस्थ उजव्या कुशीवर हात धरून बसले होते. त्यांच्या तोंडी ‘ब्लिंडडार्म’ हा शब्द, म्हणजे शब्दशः ‘आंधळं आतडं’; अपेंडिक्सला तिकडचे लोक असं म्हणतात. कागदावर मात्र वैद्यकीय शब्दच लिहायचा. रुग्णाशी त्याची भाषा, डॉक्टरशी डॉक्टरची भाषा, आणि दोन्हींची अदलाबदल डोक्यात. बोलणं छान झालं. लिहायला बसले आणि पूर्वेतिहासच इतका सविस्तर लिहिला की निदान आणि पुढच्या तपासण्यांपर्यंत पोचायच्या आत वेळ संपली. नापास.

त्या आठवड्यात घरी खरं सांगितलं नाही, तारीख पुढे गेली असं सांगितलं. मग आईला सांगून टाकलं. ती एवढंच म्हणाली, “पैसे आहेत ना महिन्याचे? मग जेव आणि बस अभ्यासाला.”

तयारीला जोडीदार मिळाला तो एक सीरियन डॉक्टर, अलेप्पोचा. जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांत सर्वांत मोठा गट सीरियन लोकांचाच आहे, आणि ही परीक्षा कशी द्यायची याचं त्यांचं ज्ञान फार पक्कं असतं. त्याने मला एकच नियम लावला : रोज एक केस, वीस मिनिटांचा गजर, आणि निदान आधी लिहायचं, वरती जागा सोडून. मी माझा एक नियम त्यात घातला. ग्रामीण रुग्णालयात मी पोटदुखीला विचारायचे, “ठणकतंय, टोचतंय, मुरडा येतो, की आग होते?” या चार शब्दांना चार जर्मन शब्द शोधले आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहिले. मुरड्याला ‘क्राम्फआर्टिग’, टोचण्याला ‘श्टेखेंड’, आगीला ‘ब्रेनेंड’, ठणक्याला ‘पोखेंड’. वेदनेचे शब्द आपल्या भाषेत भरपूर आहेत. तिथून निघालं की जर्मन शब्द घट्ट बसतात. मार्चमध्ये पास झाले.

पुढे नोकरी. त्र्याहत्तर अर्ज केले. एकवीस नकार आले, पाच मुलाखती झाल्या, बाकीच्यांचं उत्तरच नाही. मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांना कायमचा परवानाच हवा असतो. छोट्या गावांत सर्जरीला माणसं कमी पडतात आणि तात्पुरत्या परवान्यावरही घेतात. हा परवाना जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो आणि कुणाच्या तरी देखरेखीखालीच काम करायचं असतं. अर्जासोबत फोटो आणि तारखांची सलग यादी द्या. मधे रिकामे महिने असतील तर ‘भाषेचा अभ्यास’ असं स्पष्ट लिहा, मोकळी जागा ठेवू नका. मुलाखतीनंतर दोन दिवस वॉर्डात नुसतं हजर राहायला बोलावतात. ते दोन दिवस म्हणजेच खरी मुलाखत. सकाळी सातला मी पोचले, सगळ्या सिस्टरांशी हात मिळवून नाव सांगितलं, आणि कुणी न सांगता रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावायला घेतली. १ जुलै २०२५ ला चाळीसेक हजार वस्तीच्या गावात रुजू झाले. पगार पाच हजार युरोंच्या वर, कर आणि विमे कापून हातात तीन हजारांपेक्षा थोडा जास्त.

पहिले महिने अवघड गेले, हे स्पष्ट लिहिते. बॉण्डमध्ये मी एकटीने रात्री जखमा शिवल्या होत्या. इथे चार महिने मी हाकेन धरले. हाकेन म्हणजे रिट्रॅक्टर, जखमेच्या कडा बाजूला ओढून धरायचं अवजार. शिकत असताना आपण ज्याच्या नावाने ‘लँगेनबेक द्या’ म्हणून हात पुढे करतो, तो लांगेनबेक हा बर्लिनचा एकोणिसाव्या शतकातला सर्जन. त्याच्याच देशात त्याचं अवजार धरून दोन दोन तास उभी राहिले. बाकीचा दिवस डिस्चार्जची पत्रं लिहिण्यात जायचा. इकडे येणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे की या काळाची मनाची तयारी करूनच या. हातातलं कौशल्य कमी झालं असं वाटतं, पण तसं होत नाही.

ज्या कामाने मला उभं केलं ते म्हणजे ऑपरेशनच्या आदल्या दिवशीचं समजावणं. इथे कायद्याने डॉक्टरने रुग्णाशी तोंडी बोलून ऑपरेशन, धोके, पर्याय सगळं सांगावं लागतं. नुसती फॉर्मवर सही चालत नाही, आणि विचार करायला रुग्णाला वेळ मिळाला पाहिजे. सप्टेंबरमध्ये एक ब्याऐंशी वर्षांचे शेतकरी पित्ताशयासाठी आले. त्यांची बोली प्लाट्ट, उत्तरेकडची, जी आमच्या क्लासात शिकवली नव्हती. पहिल्या पाच मिनिटांत मला निम्मंही कळलं नाही. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, “मीही शेतकऱ्यांच्या गावात काम करत होते. तुम्ही हळू सांगा, मी हळू सांगते.” त्यांनी विचारलं, गावात काय पिकतं. सोयाबीन आणि तूर, म्हटलं. मग कागदावर यकृत, पिशवी, नळी काढून दाखवली. पाऊण तास लागला. शेवटी त्यांनी माझ्याच चित्रावर बोट ठेवून सगळं मला परत सांगितलं, क्लिप कुठे लागणार ते सुद्धा. सही करून म्हणाले, तो कागद मला द्या, बायकोला दाखवतो.

केपी नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली. खऱ्या रुग्णाला तपासून त्याचा अहवाल आणि मग तीन परीक्षकांसमोर तोंडी. कायद्यात प्रत्येक उमेदवाराला साठ ते नव्वद मिनिटं आहेत. मेडिसिन आणि सर्जरी मुख्य, सोबत आपत्कालीन उपचार, औषधशास्त्र, एक्स-रे आणि किरणोत्सर्गापासून संरक्षणाचे नियम. शेवटच्या दोन विषयांकडे लोक दुर्लक्ष करतात, मला त्यावर तीन प्रश्न आले. एकूण तीन संधी मिळतात. निकाल त्याच दुपारी मिळाला. नोकरी करत अभ्यास जमत नाही, त्यामुळे सुट्टीचे दहा दिवस मी त्यासाठी आधीपासून राखून ठेवले होते. तुम्हीही राखा. डिसेंबरमध्ये अप्रोबात्सिओनचं प्रमाणपत्र पोस्टाने आलं.

त्यानंतरच्या आठवड्यात ऑपरेशनच्या यादीत मांडीच्या सांध्याजवळच्या हर्नियापुढे माझं नाव होतं. उघडी पद्धत, जाळी बसवायची. समोर वरिष्ठ सर्जन बाई, आज हाकेन त्यांच्या हातात. त्या बोटाने जागा दाखवायच्या आणि गप्प राहायच्या. आवरण उघडलं, शुक्ररज्जू मोकळा केला, आडवी आलेली बारीक नस बाजूला जपून ठेवली. मग मागायची वेळ आली. आजवर प्रत्येक जर्मन नामाआधी माझा अर्धा क्षण लिंग आठवण्यात जायचा. “डी नाडेल,” मी हात पुढे केला. ती सुई. “देअर फाडेन.” तो दोरा. “दास नेट्स.” ते जाळं. तिन्ही जुळत होते आणि मला थांबावं लागलं नाही. सिस्टरने जाळी हातात ठेवली, मी ती कापून बसवली आणि पहिला टाका घेतला.